निरोपाची पोच
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांस अभ्यास आणि शिस्त यांविषयी काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा असावी. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण कशाला करील? परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते बिनतारी संदेशाविषयी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विजेचे शास्त्र आम्ही जे काही शिकलो ते वयाची साठी उलटल्यावर आणि तेही आमच्या नातीच्या हाताखाली. तेव्हा येथे बसलेल्या अभियंत्यांनी आमच्या बोलण्यातील उणेपण सांभाळून घ्यावे, अशी प्रारंभीच विनंती आहे.

२०२० च्या ऑगस्टचे अखेरचे दिवस आपल्यापैकी कोणीही विसरलेले नसेल. त्या वर्षी महामारीने माणूस माणसापासून आधीच दुरावला होता. त्यात मध्य प्रदेशात अतोनात पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत सोडावे लागले, आणि खाली गोसीखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. आमची थोरली भगिनी, जिला आम्ही लहानपणापासून ‘बाई’ म्हणतो, ती वैनगंगेच्या काठी एका लहान गावात राहते. तिने तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. त्या गावची वाट पाण्याखाली गेली, वीज गेली आणि रात्री टेलिफोनही मुका झाला. मनोऱ्याला विजेचा पुरवठा नसला की खिशातला मोबाइल हा नुसता काचेचा तुकडा होय, हे त्या रात्री आम्हांस कळले.

दोन दिवस आणि दोन रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गावचा एक मनुष्य आला आणि त्याने सांगितले की, बाई शाळेच्या माडीवर आहे, सुखरूप आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही तिला भेटावयास गेलो. ती आम्हांलाच रागावली. म्हणाली, “मी तं माडीवर मजेत होती. तुमी काहून उपाशी राह्यले? म्या त पह्यल्याच दिवशी निरोप धाडला होता नं!”

आणि तिचे म्हणणे खरे होते. पहिल्याच दिवशी शेजारच्या एका तरुणाजवळ तिने निरोप दिला होता. तो तरुण कसाबसा भंडाऱ्यास पोहोचला, आमचे घर त्यास सापडले नाही, म्हणून त्याने बाजारातील एका ओळखीच्या माणसास सांगितले. त्याने दुसऱ्यास सांगितले. आणि तेथे तो निरोप विरून गेला. यात दोष कोणाचाच नव्हता. जो तो आपापल्या घरातील चिखल उपसत होता. परंतु निरोप पाठविणारीस वाटले की तो पोहोचला, आणि ज्यांना तो हवा होता ते उपाशी बसले. या दोहोंमधील अंतर बुजविण्याची काही विद्या आहे काय, हाच आजच्या भाषणाचा विषय.

आमची नात तेव्हा सहावीत होती. हा सारा प्रकार तिने पाहिला आणि शाळेतील विज्ञानाच्या बाईंना विचारले की, मनोरा नसेल तर निरोप जातच नाही काय? त्यांनी तिला हौशी रेडिओचे नाव सांगितले. हौशी रेडिओ म्हणजे करमणुकीचा रेडिओ नव्हे. केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या बिनतारी यंत्रावरून दुसऱ्या परवानाधारकाशी बोलणारे लोक जगभर आहेत. त्यांस इंग्रजीत ‘हॅम’ असे म्हणतात. परीक्षेस बसण्यास वयाची बारा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. परवान्याबरोबर प्रत्येकास स्वतःचे संकेतनाम मिळते, आणि आपल्या देशातील बहुतेक संकेतनामे ‘व्हीयू’ या दोन अक्षरांनी सुरू होतात. या यंत्रावरून व्यापार करता येत नाही, गाणी लावता येत नाहीत, गुप्त भाषेत बोलता येत नाही. जे बोलावयाचे ते कोणीही ऐकावे असे उघड.

संकटकाळी या मंडळींचा काय उपयोग होतो, याचे एक उदाहरण सांगतो. श्रीमती भारती प्रसाद या परवानाधारक बाई २००४ सालच्या डिसेंबरात सरकारची खास अनुमती घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. हेतू एवढाच की, अंदमानातून बऱ्याच वर्षांनी हौशी रेडिओचा आवाज जगाला ऐकू जावा. २६ डिसेंबरला समुद्राखाली भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटांनी बेटे झोडपली. ज्या यंत्रावरून त्या हौसेने बोलत होत्या, त्याच यंत्रावरून त्या नंतर दिवसेंदिवस माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवीत राहिल्या. संकट आल्यावर यंत्र आणावयास धावून उपयोग नसतो. ते आधीच मांडलेले असावे लागते आणि हाताला त्याची सवय असावी लागते. येथे बसलेल्या मुलींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

श्रीमती प्रसाद तोंडी बोलत होत्या. परंतु तोंडी निरोपात एक उणीव असते, आणि तीच आमच्या बाईच्या निरोपाला भोवली. नाव ऐकण्यात चुकते, आकडा चुकतो, ऐकणारा जागेवर नसला तर सारेच वाया जाते. या उणिवेवर हौशी मंडळींनी जो उपाय काढला, त्याचे नाव पॅकेट रेडिओ. पॅकेट म्हणजे पाकीट किंवा पुडके. लांबलचक बोलण्याऐवजी मजकुराची लहान लहान पाकिटे करावयाची आणि एकेक पाकीट आकाशमार्गे धाडावयाचे, ही त्यामागील कल्पना. हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन या प्राध्यापकाने १९७१ साली निरनिराळ्या बेटांवरील संगणक अशा रीतीने बिनतारी जोडले. हौशी मंडळींपैकी पहिला प्रयोग १९७८ साली कॅनडातील माँट्रिअल येथे झाला. पुढे १९८४ च्या सुमारास जगभरच्या हौशी लोकांनी पाकीट कसे बांधावे याचे नियम एकसारखे ठरविले, आणि ते नियम आजही चालतात.

आता हे पाकीट असते तरी कसे? संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला शून्य आणि एक एवढेच कळते. म्हणून प्रत्येक अक्षराची शून्य-एकांची माळ करतात. ही माळ रेडिओवरून धाडावयाची तर तिचा आवाज करावा लागतो. यासाठी दोन सूर ठरलेले आहेत: एक सेकंदाला १२०० कंपनांचा आणि दुसरा २२०० कंपनांचा. या दोन सुरांची अदलाबदल एका सेकंदात १२०० शून्य-एक वाहून नेते. कानाला तो आवाज पत्र्यावर मूठभर वाटाणे ओतावे तसा लागतो.

पाकिटाच्या आरंभी व शेवटी एक खूण असते: शून्य, मग सहा वेळा एक, मग शून्य. मजकुरात चुकून तीच खूण येऊ नये म्हणून पाच एक लागोपाठ आले की यंत्र स्वतःहून मध्ये एक शून्य घालते, आणि घेणारे यंत्र ते काढून टाकते. आरंभीच्या खुणेनंतर ज्याला धाडावयाचे त्याचे संकेतनाम, मग धाडणाऱ्याचे, मग मजकूर आणि शेवटी ताळा. आपण गुणाकार केल्यावर नवांचा ताळा पाहतो, हे आमच्या शाळेत शिकलेल्यांना आठवत असेल. येथेही तसेच आहे. साऱ्या पाकिटावरून एक ताळ्याचा आकडा काढून तो शेवटी जोडतात. घेणारे यंत्र तोच हिशेब पुन्हा करते. ताळा जुळला तर ते उलट ‘पोहोचले’ अशी पोच धाडते. जुळला नाही तर गप्प राहते. धाडणारे यंत्र ठराविक वेळ वाट पाहते, आणि पोच आली नाही तर तेच पाकीट पुन्हा धाडते, आणि पुन्हा. ठराविक वेळा धाडूनही पोच आली नाही, तर ते आपल्या मालकास स्पष्ट सांगते की, निरोप पोहोचलेला नाही. पोहोचला असेल, अशी समजूत करून घेणे यंत्राच्या स्वभावात नाही.

आणखी एक शिष्टाचार त्यात आहे. आपल्या पंगतीत किंवा पंचायतीत दोघे एकदम बोलू लागले म्हणजे कोणाचेच ऐकू येत नाही. म्हणून हे यंत्र बोलण्यापूर्वी कान देऊन ऐकते. कोणी बोलत असेल तर थांबते, आणि बोलणे संपताच लगेच तुटून न पडता थोडा अवकाश जाऊ देते. प्रत्येक यंत्राचा हा अवकाश निरनिराळा असल्यामुळे पुन्हा टक्कर होण्याचा संभव कमी राहतो. आपल्या सर्वसाधारण सभेतही हा नियम लागू करावा, असे आम्ही अध्यक्षांस सुचविणार होतो; परंतु तो विषय आज नको.

पाकिटात मराठी जाते काय, असे कोणी विचारील. जाते. परंतु इंग्रजीचे एक अक्षर जेथे एका घरात बसते, तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन घरे लागतात. आणि काना, वेलांटी, उकार हेही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. एका पाकिटात मजकुराची घरे २५६. म्हणजे आपल्या लिपीची सुमारे पंच्याऐंशी चिन्हे एका पाकिटात मावतात. आमच्या नातीने एक हिशेब मांडला, तो जसाच्या तसा सांगतो. ‘बाई सुखरूप आहे’ या तीन शब्दांत बारा चिन्हे आणि दोन मोकळ्या जागा आहेत. बारा त्रिक छत्तीस आणि दोन, अशी अडतीस घरे झाली. पत्ता, खुणा आणि ताळा यांची आणखी सुमारे वीस, अशी अठ्ठावन्न. प्रत्येक घरात आठ शून्य-एक, म्हणजे एकूण ४६४. सेकंदाला १२०० या वेगाने त्यास लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी. वहीतला हा आकडा पाहून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. ज्या निरोपासाठी आम्ही दोन दिवस आणि दोन रात्री ताटावरून उठलो, त्याची आकाशातील वाट अर्ध्या सेकंदाची होती.

हे केवळ परदेशचे कौतुक आहे असेही नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह स्वतः बांधला. वजन एक किलोहून थोडे कमी. २२ जून २०१६ रोजी आपल्या इस्रोच्या अग्निबाणाने तो श्रीहरिकोट्याहून आणखी एकोणीस उपग्रहांबरोबर अवकाशात नेला. त्याचा हेतू हाच होता की, एका ठिकाणच्या हौशी परवानाधारकाने निरोप वर धाडावा, उपग्रहाने तो पोटात ठेवावा आणि दुसऱ्या ठिकाणच्या परवानाधारकाने तो खाली उतरवून घ्यावा. आपल्याच मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांनी हे केले.

आता आम्ही आमच्या घरातील प्रयोगाकडे येतो. त्यात फजिती पुष्कळ आहे, परंतु ती सांगितल्यावाचून विषय पुरा होणार नाही.

आमचे वडील पितळेची भांडी घडवीत. भंडाऱ्याचे पितळ एके काळी दूरदूर जात असे, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे स्टील आले, प्लास्टिक आले, आणि आमच्या थोरल्या बंधूंनी १९९८ साली भट्टी विझविली. ऐरण, सांडश्या, हातोडे माळ्यावर गेले. आम्ही नोकरीत होतो. आम्हांस त्याचे फारसे काही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. किंबहुना, भट्टीच्या धुरापासून आपण सुटलो याचाच आम्हांस अभिमान होता.

नातीने सांगितले की, सूर काढणारी आणि सूर ओळखणारी एक डबी आपण घरी बनवू शकतो. पूर्वी अशी डबी मोठ्या खर्चाची असे; तिच्यात स्वतंत्र संगणकाचे काळीज असावे लागे. आता तेच काम बोटाएवढ्या चिपेवर होते, किंवा साध्या संगणकाच्या आवाजाच्या मार्गावरूनही होते. चिप, काही रोध, काही धारित्रे आणि एक लहान तांब्याची पाटी एवढे सामान नागपुराहून आणले. जोडावयाचे मात्र हातानेच. डाख देण्याचा प्रसंग आला तेव्हा आम्ही पुढे झालो. “हे आमच्या घराण्याचे काम आहे, तू बाजूस हो,” असे आम्ही तिला म्हणालो. वडील कल्हई करताना नवसागर वापरीत, ते आम्ही लहानपणी पाहिले होते. आम्ही नवसागराची पूड घेतली आणि तांब्याच्या पाटीवर मोठ्या झोकात सांधे जोडले. सांधे उत्तम बसले. आठ दिवसांनी पाहतो तो सारी पाटी हिरवी! नवसागराने तांबे खाल्ले होते आणि बारीक रेघा तुटल्या होत्या. भांडे कल्हई झाल्यावर धुतले जाते. पाटी कोण धुणार?

नातीने रागावण्याऐवजी पुस्तक उघडले. भांड्याला डाख देताना टाकणखार लावतात, कल्हईला नवसागर, आणि या कामाला राळ. तिघांचेही काम एकच: तापलेल्या धातूवर गंज चढू न देणे, म्हणजे वितळलेला धातू नीट पसरतो. परंतु राळ थंड झाल्यावर निरुपद्रवी राहते, नवसागर राहत नाही. ज्या कारणाने वडील टाकणखार लावीत, ते कारण आम्हांस वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रथम कळले. आम्ही त्यांना हात चालविताना पाहिले होते. कधी विचारले मात्र नव्हते.

दुसरी पाटी आमच्या थोरल्या बंधूंनी जोडली. पंचाहत्तरीचे हात, चष्मा नाकावर, आणि वर्षानुवर्षांत न उचललेला डाख. नातीने सांगितले, “मोठे आबाजी, आधी सांधा तापवा, मग कथील लावा, कथील तापवून सांध्यावर टाकू नका.” ते हसले आणि म्हणाले, “पोरी, हे मला माह्या बापानं सातव्या वर्षी सांगितलं.” त्यांचा एकही सांधा कच्चा निघाला नाही. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते आम्ही १९९८ नंतर पाहिले नव्हते.

परवाना नसताना आकाशात एक शब्दही धाडणे हा गुन्हा आहे. म्हणून आम्ही दोन डब्या केल्या आणि त्या तारेने जोडल्या. एक माजघरात, एक ओसरीवर. तारेवरून सूर गेले तर कायद्याची हरकत नाही. नातीने आतून ‘आबाजी’ हा शब्द धाडला आणि तो ओसरीवरील पडद्यावर उमटला; खाली पोचही गेल्याची खूण आली. एवढ्याशा गोष्टीने आमचे डोळे भरून आले, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

पुढे नागपूरच्या एका परवानाधारक सद्गृहस्थांनी ती डबी स्वतःच्या यंत्रास जोडून पाहण्याचे मान्य केले. त्यांच्या घरी आम्ही गेलो. तेथे मात्र डबीची पोच येईना. तारेवर चाललेले आकाशात का चालत नाही? त्यांनी शांतपणे शोधून काढले. बोलण्याची कळ दाबल्यावर यंत्रास पुरता जोर येण्यास क्षणभर लागतो, आणि आमची डबी त्यापूर्वीच बोलू लागत होती. पाकिटाचे तोंडच कापले जात होते. एका सेकंदाचे तीन दशांश थांबण्याची सूचना डबीला दिली आणि पहिल्याच खेपेस शहराच्या दुसऱ्या टोकाकडून पोच आली. त्याच संध्याकाळी अंतराळातील आंतरराष्ट्रीय स्थानक डोक्यावरून गेले. त्यावरही पाकिटे पुढे पाठविणारे एक हौशी यंत्र असते. चारशे किलोमीटर उंचीवरून वाटाण्यांचा तो आवाज आला आणि कोणा दूरच्या माणसाचे संकेतनाम पडद्यावर उमटले. दहा मिनिटांत ते क्षितिजाआड गेले. घरी परतताना गाडीत नात एक शब्द बोलली नाही. फक्त वही उघडून पाहत होती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, मोबाइल असताना हे कशाला? आक्षेप रास्त आहे. या मार्गाने आज मोबाइलवर जाते तसे एक मोठे छायाचित्र धाडावयाचे म्हटले तर दोन तास लागतील. मोबाइलची जागा घेण्याची याची योग्यता नाही आणि तसा हेतूही नाही. परंतु मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते. याला मोटारसायकलीची एक बॅटरी पुरते आणि मध्ये कोणाचाही मनोरा लागत नाही. घरात विजेचा दिवा असतानाही देवघरात समई आणि काड्यापेटी आपण ठेवतोच.

दुसरा आक्षेप अंतराचा. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. दहा मीटर उंचीच्या दोन काठ्यांवर तारा उभारल्या तर सपाट मुलखात साधारण सव्वीस किलोमीटर. मध्ये झाडी, घरे आली की त्याहून कमी. परंतु एक ठाणे शंभर मीटर उंचीच्या टेकडीवर असेल तर हेच अंतर चोपन्न किलोमीटरच्या घरात जाते. टेकडीवरचे ठाणे फक्त ऐकलेले पाकीट पुढे सांगते. आपल्या जिल्ह्यात वैनगंगा तुमसराकडून मोहाडी, भंडारा करीत पवनीकडे जाते. पुराचे पाणी वरून खाली येते. तसाच निरोपही वरून खाली यावा, पाण्याच्या आधी यावा, आणि काठच्या गावांनी त्याची पोच उलट वर धाडावी. चार ठाणी आणि एखादी टेकडी एवढ्यात हे व्हावे, असा आमच्या नातीचा अंदाज आहे. तारही फार मोठी लागत नाही. या कामाच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर. तिच्या चतुर्थांशाची, म्हणजे अर्ध्या मीटरहून किंचित आखूड अशी एक उभी कांब आणि खाली चार आडव्या कांबा. आमच्या घरी त्या पितळेच्या केल्या आहेत. वडिलांच्या कारखान्यातील उरलेल्या कांबांपैकी त्या आहेत.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, परंतु आमच्या कानांवर आला आहे. मुलीच्या जातीला हे कशाला हवे? यावर आम्ही वाद घालीत नाही. ज्यांनी आमची हिरवी पाटी पाहिली आहे आणि तिची चाललेली डबी पाहिली आहे, त्यांनी आपापले उत्तर ठरवावे.

समाजापुढे आमची मागणी लहान आहे. समाजभवनाच्या मागील खोलीत एक मजबूत टेबल असावे. त्यावर डाख देण्याची दोन हत्यारे, विजेचा दाब मोजण्याचे एक यंत्र, राळ, कथील आणि एक जुना संगणक असावा. रविवारी दोन तास ती खोली मुलांसाठी उघडी ठेवावी. ज्या वृद्ध कारागिरांचे हात अजून स्थिर आहेत त्यांनी तेथे बसावे, आणि ज्या मुलांना पुस्तक वाचता येते त्यांनी त्यांच्यासमोर बसावे. वृद्धांनी सांधा कसा जोडावा हे दाखवावे आणि मुलांनी तो का जुळतो हे सांगावे. आपण दरवर्षी गुण मिळविणाऱ्यांचा गौरव करतो, तो अवश्य करावा. परंतु हात आणि पुस्तक यांची आपल्या समाजात जी ताटातूट झाली आहे, ती अशा एका टेबलावर भेटली तर भट्टी विझली तरी विद्या विझली नाही असे म्हणता येईल. नातीने परीक्षा दिली आहे, परवान्याचा अर्ज केलेला आहे; परंतु एकटी ती साखळी होऊ शकत नाही. साखळीला दुसरी कडी लागतेच.

आणि शेवटी स्वतःविषयी एक गोष्ट सांगून आम्ही पुरे करतो. छत्तीस वर्षे आम्ही वर्गात बोललो. धडा वाचला, फळा भरला, घंटा झाली की खडू ठेवला. मागच्या बाकावर तो पोहोचला की नाही, याची पोच आम्ही किती वेळा मागितली? परीक्षेत नापास झालेल्या मुलास ‘लक्ष नव्हते’ असे आम्ही म्हणत असू. कदाचित त्यांपैकी काहींच्या बाबतीत आम्हीच यंत्रास जोर येण्यापूर्वी बोलू लागलो होतो आणि त्यांच्या कानी धड्याचे तोंड कापून गेले होते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सांगण्याचा धीर एका चिपेला असतो. तो आम्हांला असावयास हवा होता. येथे आमचे काही विद्यार्थी बसले आहेत. त्यांच्यापाशी हे बोलून दाखविणे आमचे कर्तव्य होते.

बाई आजही त्याच गावी, त्याच नदीच्या काठी राहते. भंडाऱ्यास येऊन राहण्याविषयी आम्ही पुष्कळ विनविले. ती म्हणते, गंगेला सोडून मी कुठं जाऊ? तिची वैनगंगा पुन्हा कधी चढेल हे कोणी सांगू शकत नाही. त्यापूर्वी तिच्या ओसरीवर पितळेची एक कांब उभी असावी, आणि तिने धाडलेल्या तीन शब्दांची पोच आम्ही त्याच क्षणी तिला द्यावी, एवढीच आमची इच्छा आहे.

 आमचे बोलणे पोहोचले असेल असे आम्ही गृहीत धरीत नाही. टेबलाची वर्गणी चिटणीसांकडे घेतली जाईल. आम्ही तीच पोच समजू.